वीस-वीस सेकंद

तापानंतर नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवर, चष्मा टेकतो त्याच्यावर,
पण आत कुणी राहत नाही.

टिळक रोडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार नावं लिहिली:
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस सेकंद.
नुसतं हुंगू नका, आठवा.
फी सहाशे.

बोहरी आळीत ताहेरभाईंनी
बोटाएवढ्या चार बाटल्या कागदात गुंडाळल्या.
"लवंगेचं तेल कातडीला लावू नका, भाजतं.
आणि गुलाब खरा पाहिजे की परवडणारा?"
म्हटलं, मला काय फरक पडतो आता.
त्यांनी खऱ्यातला दिला,
पैसे परवडणाऱ्याचे घेतले.

सदाशिव पेठेत माझे बत्तीस डबे जातात.
परीक्षा देणारी पोरं, दर वर्षी तीच परीक्षा,
आमटी बिघडली तर फोन करतात.
मोहरी मी आता कानाने करते,
तडतड मंदावली की हिंग.
जिरं डोळ्यांनी.
लसूण करपल्याचं छबू सांगते.
अकरा वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटते ती,
तिचं नाक मी उसनं घेते
आणि पगार तेवढाच देते.

वरच्या मजल्यावरची ईशानी
वाफ सोडणारं यंत्र घेऊन आली, सोबत लॅव्हेंडर.
"काकू, स्ट्रेस पार निघून जातो."
रात्रभर ते निळा दिवा लावून फुसफुसत राहिलं.
उशाशी बसून कुणीतरी समजूत घालतंय
आणि मी ठार बहिरी.

गुलाब. एक, दोन, तीन...
आठवायचं म्हणून आठवते:
माझ्या लग्नातली गुलाबदाणी,
बंडूमामाने झटकली ती नेमकी माझ्या डोळ्यात.
लिंबू. लोणच्याच्या फोडी, बोटाला चीर, चिरेत मीठ.
लवंग. दाढ.
निलगिरी. रुमाल, सर्दी, शाळेला दांडी.
सगळं येतं,
घासूनपुसून येतं,
डबे परत येतात तसं. रिकामं.

नव्वदाव्या दिवसानंतर मोजायचं सोडलं.
हुंगायचं नाही सोडलं,
कारण त्या वीस सेकंदांत
मला कुणी हाक मारत नाही
हे मध्येच कधीतरी लक्षात आलं होतं.

मग एका गुरुवारी म्हात्रे पुलावर गर्दी तुंबली
आणि खालून मुठा आली.
शेवाळ, साबण, गटार, कुजलेली जलपर्णी,
अख्ख्या पुण्याने नाकाला रुमाल लावावा
असा तो भपकारा.
मी हेल्मेट काढलं.
मागून हॉर्न. "ओ काकू, मुक्काम आहे का?"
काकू रडत होत्या.
दोनच श्वास मिळाले.
तिसऱ्याला परत भिंत.

घरी येऊन बाटल्या ओट्यावर मांडल्या.
गुलाब नाही. लिंबू नाही.
निलगिरी नुसती गार.
लवंग मात्र आली,
पातळ,
शेजारच्या बिल्डिंगीत कुणी मसालेभात टाकल्यासारखी.
पुन्हा हुंगली. पुन्हा.
ताहेरभाईंचे राहिलेले पैसे द्यायला हवेत.

संध्याकाळी छबू कणीक मळायला वाकली
आणि तिच्याकडून काहीतरी माझ्याकडे आलं:
माक्याचं तेल, वडीचा साबण,
आणि त्याच्या खाली जळकं, तंबाखूचं.
"छबू, तू मिश्री लावतेस?"
तिचे हात परातीत थांबले.
नाक धड होतं तेव्हा
ते फोडणीच्या पलीकडे कधी गेलंच नव्हतं,
इतक्या लांब, हातभर.

पदर तोंडाशी नेऊन ती हसली,
"आलं म्हणायचं की नाक!"
आणि लगेच,
"डाळ लागली बघा खाली."

ते मला आलं नव्हतं.
मी गॅस बंद केला.